केळी, हळद, शाळा आणि एमएस्सीचा लघुप्रबंध



उन्हाळा लागला की आपल्या भागात दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक लग्नसराईची, आणि दुसरी एमएस्सी संगणकशास्त्राच्या शेवटच्या सत्रातल्या पोरापोरींची. त्यांना कोणी विचारलं, "काय, प्रोजेक्ट झाला का?" तर उत्तर येतं, "हो, बाइंडिंगला दिलाय." आत काय शोधलं, काय सापडलं, काय चुकलं हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. सोनेरी अक्षरांचं पुठ्ठ्याचं कव्हर चढलं की लघुप्रबंध 'पूर्ण' झाला, अशी आपल्याकडे समजूतच होऊन बसली आहे.

या समजुतीबद्दल मला आज लिहायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते. लघुप्रबंध पूर्ण करणं म्हणजे एक छोटा, स्वतःचा प्रश्न शेवटपर्यंत नेणं. उत्तर कमी आलं तरी चालेल, पण प्रश्न आपला पाहिजे. आणि असे प्रश्न अर्धापूरच्या शिवारात, आपल्या शाळेच्या वर्गात भरपूर पडून आहेत.

तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या बाईंना संगणकशास्त्राच्या प्रबंधातलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. मी डी.एड. झालेली आहे, एमएस्सी नाही. पण आज नांदेडला संगणकशास्त्र शिकणारी कितीतरी लेकरं आपल्याच जिल्हा परिषद शाळांमधून गेलेली आहेत. 'प्रकल्प' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा आपल्या तोंडून ऐकला. शिवाय डी.एड.ला आपण सगळ्यांनी कृतिसंशोधन केलं आहे. समस्या कोणती, तिची कारणं कोणती, उपाय कोणता केला, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हा सांगाडा आपल्याला पाठ आहे. लघुप्रबंधाचा सांगाडा यापेक्षा फार वेगळा नसतो.

लघुप्रबंधाला किती महत्त्व दिलं आहे?

आपल्या चार जिल्ह्यांचं, म्हणजे नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीचं, स्वतंत्र विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालं. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा दिवस आणि स्वामी रामानंद तीर्थांचं नाव, दोन्ही मुद्दाम निवडलेलं. त्याआधी आपल्या भागाची महाविद्यालयं औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली होती. विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ चं. म्हणजे संगणकाचं उच्च शिक्षण आज अर्धापूरच्या पोरीला एसटीच्या पासवर घेता येतं. मागच्या पिढीला हे स्वप्नातही नव्हतं.

२०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर वर्गांना नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. त्याच्या ढोबळ रचनेत पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा स्वतंत्र विषय आहे. पुढे संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ असे एकूण १० क्रेडिट ठेवले आहेत. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामात एक क्रेडिट म्हणजे ३० तास धरतात. १० क्रेडिटचे झाले ३०० तास. ३०० तास म्हणजे रोज दोन तास बसलं तर पाच महिने. धोरण ठरवणाऱ्यांना हे काम किती मोठं वाटलं, ते या आकड्यावरून कळतं.

आता हे ३०० तास खरोखर कुठे जातात, ते बघू.

तयार प्रोजेक्टचा बाजार

मोबाईलवर 'कॉम्प्युटर सायन्स प्रोजेक्ट' असं शोधून बघा. कोड, अहवाल, स्लाइड आणि तोंडी परीक्षेची प्रश्नोत्तरं, सगळं एकत्र विकणारे ढिगाने सापडतील. शहरांत तर यासाठी दुकानंच आहेत. लायब्ररी व्यवस्थापन, हॉस्पिटल व्यवस्थापन, चेहरा ओळखून हजेरी, पिकाचा रोग ओळखणं अशी यादी असते. हॉटेलातल्या मेनूसारखं बोट ठेवायचं, पैसे द्यायचे, नाव बदलून घ्यायचं.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी मागे भेटली होती. हुशार पोर. वडिलांची दोन एकर केळी. ती म्हणाली, "मॅडम, वर्गात बहुतेकांनी विकतच घेतलाय. मीच एकटी वेड्यासारखी करत बसू का? यंदा डिग्री हातात आली नाही तर घरचे थांबणार नाहीत, लगेच स्थळं बघतील."

मला तिला पटकन 'प्रामाणिक राहा' असं सांगून मोकळं होता आलं नाही. कारण तिची अडचण खरी होती. या पोरांच्या अडचणी आधी समजून घ्यायला पाहिजेत. एकेका मार्गदर्शकाकडे भरपूर विद्यार्थी असतात. घरी चांगला लॅपटॉप नसतो. दहावी-बारावी मराठीतून झालेली असते आणि अहवाल इंग्रजीत लिहायचा असतो. कोणी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी मेडिकलवर किंवा मोबाईलच्या दुकानात काम करतं. अशा पोराला आयता प्रोजेक्ट म्हणजे बुडत्याला काडीचा आधार वाटतो.

पण तो आधार नाही. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायल्यासारखं आहे ते. दोन वर्षांत बाकीचे सगळे विषय दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचे असतात. लघुप्रबंध ही एकच जागा अशी आहे, जिथे प्रश्न विद्यार्थ्याने विचारायचा असतो. तीच जागा विकत घेतली, तर दोन वर्षांची फी भरून मुख्य वस्तू दुकानातच ठेवून आल्यासारखं होतं. आणि हे नुकसान श्रीमंत घरच्या पोराला परवडतं, त्याला दुसरी संधी मिळते. दोन एकरवाल्याच्या लेकीला ती सहजासहजी मिळत नाही.

नियम आहेत, पण नियम पुरत नाहीत

वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. त्यात मजकूर किती जुळतो यावर पायऱ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सादर करता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

नियम चांगला आहे आणि तो हवाच. पण यंत्र शब्द मोजतं. प्रश्न कोणाचा होता, हे ते मोजू शकत नाही. वाक्यं फिरवून लिहिली की टक्का खाली येतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून तर वाक्यं फिरवायचीही गरज उरली नाही. 'अमुक विषयावर प्रस्तावना लिहून दे' म्हटलं की पानंच्या पानं तयार.

मी एआयच्या विरोधात नाही. स्वतः लिहिलेलं इंग्रजी सुधारून घ्यायला, कोडमधली चूक शोधायला मराठी माध्यमातल्या पोरांनी त्याची मदत घ्यावी, आणि घेतली असं अहवालात सरळ लिहावं. पण एक गोष्ट ते करू शकत नाही. आपल्या गावच्या केळीच्या बागेत जाऊन ते पान उलटून बघू शकत नाही. तिसरीतल्या लेकराच्या वहीतलं अक्षर त्याने पाहिलेलं नसतं. तिथेच आपल्या पोरांची खरी जागा आहे. त्याकडे येतेच, पण त्याआधी दोन जुन्या प्रबंधांची गोष्ट सांगते.

शाळामास्तराचं गणित आणि २१ वर्षांचा विद्यार्थी

जॉर्ज बूल हे नाव संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. पण हा माणूस शाळामास्तर होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. घरची गरिबी, विद्यापीठाची पदवी नाही. सोळाव्या वर्षी तो शिकवायला लागला आणि एकोणिसाव्या वर्षी त्याने इंग्लंडमध्ये लिंकन गावी स्वतःची शाळा काढली. 'खरं' आणि 'खोटं' यांचं गणित करता येईल, असं त्याने मांडलं. १८५४ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं. त्या गणिताचा व्यवहारात उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

८० पेक्षा जास्त वर्षं गेली. अमेरिकेत एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन नावाचा विद्यार्थी मास्टर्सचा प्रबंध लिहीत होता. मिशिगन विद्यापीठात शिकताना बूलचं गणित त्याच्या कानावरून गेलेलं होतं. एमआयटीत त्याला एका मोठ्या गणनयंत्राच्या विजेच्या स्विचांवर काम करावं लागे. त्याच्या लक्षात आलं की स्विच एकतर बंद असतो नाहीतर चालू, आणि बूलच्या गणितातही दोनच किमती आहेत. म्हणजे स्विचांची गुंतागुंतीची जोडणी कागदावर गणिताने सोडवता येईल. १९३७ मध्ये त्याने हा प्रबंध पूर्ण केला. वय वर्षं २१. आज आपल्या खिशातला मोबाईल ज्या तत्त्वावर चालतो, त्याचा पाया या मास्टर्सच्या प्रबंधात आहे.

दुसरी गोष्ट लिनस टोरवाल्ड्सची. फिनलंडचा हा विद्यार्थी १९८८ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात दाखल झाला. १९९१ मध्ये त्याने लिनक्स जगासमोर ठेवलं. जगभरचे लोक ते वापरू लागले. तरी मास्टर्सचा प्रबंध त्याने १९९७ मध्ये पूर्ण केला. एवढं नाव झालेलं असताना कोण कशाला प्रबंध लिहीत बसेल? पण त्याने लिहिला. लिनक्स एका प्रकारच्या संगणकावरून दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर कसं नेता येतं, हा त्याचा विषय होता. जे हातांनी केलं, ते शब्दांत मांडून पूर्ण केलं.

आपल्या प्रत्येक पोराने शॅनन व्हावं, असं मी म्हणत नाही. पी हळद आणि हो गोरी, असं संशोधनात होत नसतं. यातून घ्यायचं एवढंच की शॅननचा प्रश्न त्याच्या हाताखालच्या यंत्रातून आला आणि टोरवाल्ड्सचा त्याच्या रोजच्या कामातून. दोघांनीही विषय यादीतून उचलला नव्हता.

यंत्राला 'केळी' वाचता येत नाही

आता आपल्या भागाकडे येऊ. हाताने लिहिलेलं देवनागरी अक्षर संगणकाला ओळखायला शिकवणं, हा एमएस्सीच्या प्रोजेक्टचा आवडता विषय आहे. त्यासाठी बरेच जण इंटरनेटवरचा एक तयार डेटासेट घेतात. नेपाळमधल्या संशोधकांनी तो २०१५ च्या सुमारास तयार केला. त्यात ९२,००० चित्रं आहेत. ३६ व्यंजनं आणि १० अंक, असे ४६ गट आणि प्रत्येक गटात २,००० चित्रं. त्यावर मॉडेल शिकवलं की अचूकता नव्वदीच्या पुढे सहज जाते आणि अहवाल झोकात दिसतो.

पण ती ३६ व्यंजनं कोणती, हे एकदा नीट बघा. क पासून ह पर्यंत ३३, आणि वर क्ष, त्र, ज्ञ. यात 'ळ' नाही! नेपाळीच्या वर्णमालेत त्याची गरज नाही, म्हणून त्यांनी घेतला नाही. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी त्यांच्या भाषेसाठी मेहनत केली. पण आपण तोच डेटासेट डोळे झाकून घेतो आणि वर नाव देतो 'मराठी हस्ताक्षर ओळख'.

विचार करा, अर्धापूरची ओळख कशावर? इसापूरच्या कालव्यावर पिकणाऱ्या केळीवर आणि हळदीवर. 'केळी'त ळ. 'हळद'मध्ये ळ. लेकरं शिकतात त्या 'शाळे'त ळ. फळा, वेळ, डोळे, आभाळ, सगळीकडे ळ. नव्वद टक्क्यांच्या वर अचूकता मिरवणाऱ्या त्या यंत्राला आपल्या गावाचे मुख्य शब्दच वाचता येत नाहीत. त्याच्यासमोर ळ ठेवला तर ते काहीतरी भलतंच अक्षर सांगणार, कारण त्याच्या यादीत तो नाहीच.

हा झाला लघुप्रबंधाचा प्रश्न. 'ळ दाखवला तर यंत्र त्याला कोणतं अक्षर समजतं? आणि ळ शिकवल्यावर बाकीच्या अक्षरांची ओळख बिघडते की तशीच राहते?' एवढाच. त्या डेटासेटमध्ये एका अक्षराची २,००० चित्रं आहेत ना? मग हिशोब करा. २०० लेकरांनी प्रत्येकी १० वेळा ळ लिहिला की झाली २,००० चित्रं. एका केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मनावर घेतलं तर शुद्धलेखनाच्या तासाला हे काम होऊन जाईल. नावं काढून टाकायची, पालकांची संमती घ्यायची. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. हा धडाही विद्यार्थ्याने यातूनच शिकावा.

केळीच्या पानाचा प्रश्न

दुसरं उदाहरण पिकाच्या रोगाचं. 'पानाच्या फोटोवरून रोग ओळखणं' हाही दुकानातल्या यादीतला लाडका विषय. त्यासाठी 'प्लांटव्हिलेज' नावाचा डेटासेट वापरतात. १४ पिकं, २६ रोग, ५४,३०६ फोटो. २०१६ मध्ये यावर गाजलेला अभ्यास झाला आणि ९९.३५ टक्के अचूकता मिळाली. हा आकडा पुढे अनेक प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत आला.

पण त्याच अभ्यासात त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे आणखी एक आकडा दिला होता. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो त्याच मॉडेलला दाखवले, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली. कारण मूळ फोटोत एकच पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं असतं. शिवारात तसं नसतं. तिथे ऊन-सावली असते, पानावर धूळ असते, वाऱ्याने पान फाटलेलं असतं, मागे दुसरी दहा पानं असतात.

आणि त्या १४ पिकांमध्ये केळी नाहीच. सफरचंद आहे, द्राक्ष आहे, टोमॅटो आहे, अगदी स्ट्रॉबेरी आहे, केळी नाही. म्हणजे केळीच्या तालुक्यातला विद्यार्थी सफरचंदाच्या पानांवर प्रबंध लिहितो आणि घरी बापाच्या बागेत करपा आलेला असतो. त्या करप्याचे सकाळचे, दुपारचे, पावसानंतरचे फोटो त्याला कोणाला पैसे न देता मिळतात. 'साध्या पार्श्वभूमीवर शिकलेलं मॉडेल बागेतल्या फोटोंवर किती घसरतं?' हा प्रश्न घेऊन त्याने ३०० फोटो जरी नीट काढले, कोणत्या पानावर खरोखर करपा आहे हे कृषी सहायकांकडून किंवा जाणकाराकडून तपासून घेतलं, तरी तो त्याचा स्वतःचा प्रबंध होईल. अचूकता ६० टक्के आली तरी तो ९९ वाल्या विकतच्या अहवालापेक्षा मोलाचा, कारण तो ६० चा आकडा खरा असेल.

हे शक्य आहे का, असं कोणाला वाटेल. पुण्यात झालेलं आहे. तिथल्या 'एल-थ्री-क्यूब' या उपक्रमात पीआयसीटी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकांसोबत मराठीसाठी डेटा गोळा केला. सुमारे १६ हजार मराठी ट्वीट वाचून त्यांचा सूर चांगला, वाईट की तटस्थ हे ठरवलं. दुसऱ्या कामात २५ हजार वाक्यांमधली माणसांची, गावांची, संस्थांची नावं खुणा करून ठेवली. तिसऱ्यात सुमारे २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यं एकत्र केली. हे सगळं मोफत खुलं केलं आणि आता त्यावर इतर लोक काम करतात. यातली बरीच पोरं तेव्हा पदवीलाच होती, एमएस्सीलाही नव्हती. नांदेड-लातूरच्या पोरांनी आपली बोली, आपली पिकं, आपल्या शाळा घेऊन असं काम का करू नये?

पूर्ण कसा करायचा?

त्या मुलीशी मी जे बोलले, ते इथे क्रमाने लिहिते. संगणकाचं मी तिला काय सांगणार? हे सगळं कृतिसंशोधनाच्या अनुभवातून आणि तिनेच समजावून सांगितलेल्या गोष्टींमधून आलेलं आहे.

१) प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि तो आपल्या आईला मराठीत सांगून बघा. आईला 'हे कशासाठी करतेस' ते कळलं तर प्रश्न ठीक आहे. 'कृत्रिम बुद्धिमत्तेचा शेतीत उपयोग' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'मोबाईलच्या फोटोवरून केळीचा करपा सुरुवातीलाच ओळखता येतो का?' हा प्रश्न.

२) साधा उपाय आधी करून बघा. समजा १०० पानांमध्ये ९० निरोगी आहेत. काहीही न बघता 'सगळी निरोगी' म्हणणाऱ्या यंत्राचीही अचूकता ९० टक्के येते! म्हणून आपला आकडा या साध्या आकड्याशेजारी ठेवून दाखवा.

३) परीक्षेचा पेपर आधी फोडू नका. शिकवायचे फोटो आणि तपासायचे फोटो वेगळे ठेवा. एकाच पानाचे दोन फोटो इकडे-तिकडे गेले, किंवा एकाच लेकराने लिहिलेले ळ दोन्हीकडे वाटले गेले, तर यंत्राने पेपर आधीच बघितला असं समजा. आपण शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.

४) रोजची वही ठेवा. आज काय केलं, काय चाललं नाही, कोणता आकडा आला. तारीख टाका. शेवटी अहवाल लिहिताना ही वहीच कामाला येते. तोंडी परीक्षेत 'हे तुम्हीच केलं का?' असं विचारलं तर ही वही सगळ्यात मोठी साक्षीदार.

५) लिहिणं शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. दर आठवड्याला दोन पानं, आधी मराठीत. विचार मराठीत स्पष्ट झाला की त्याचं इंग्रजी करता येतं. धूसर विचाराचं इंग्रजी कोणालाच करता येत नाही.

६) चुकलं ते लपवू नका. 'पावसाळ्यातल्या फोटोंवर मॉडेल अपयशी ठरलं' हे वाक्य अहवालाची लाज नाही. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचा विषय तिथून सुरू होतो.

मोठा संगणक नाही, ही अडचण आता थोडी हलकी झाली आहे. गुगल कोलॅबसारख्या सेवेत मर्यादित वेळ का होईना, ताकदवान संगणक फुकट वापरता येतो. छोट्या प्रश्नाला तेवढं पुरतं.

नोकरीला काय उपयोग?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. बाप केळीचा भाव पडला तरी फी भरतो, त्याला हे विचारायचा हक्क आहे. कंपनी प्रबंध वाचत नाही, मार्क आणि कोडिंग बघते, असं म्हणतात. मान्य. पण मुलाखतीत 'तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा' हा प्रश्न येतोच. ज्याने बागेत उभं राहून फोटो काढले, तो अर्धा तास बोलू शकतो, मोडक्या इंग्रजीत का होईना. ज्याने विकत घेतला, त्याचं पाठांतर दुसऱ्या उपप्रश्नाला संपतं. ३०० तासांत तयार झालेली सवय, म्हणजे अडलं की का अडलं ते शोधायची सवय, हीच खरी कमाई. कोडच्या भाषा दर काही वर्षांनी बदलतात, ही सवय बदलत नाही.

आणि महाविद्यालयांनाही हात जोडून एक विनंती. विषयाची यादी भिंतीवर लावण्याऐवजी तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातला एक प्रश्न घेऊन यायला सांगा. मार्क देताना अचूकतेच्या टक्क्यापेक्षा रोजच्या वहीला वजन द्या. असं झालं तर दुकानांचा धंदा आपोआप बसेल, कारण वही विकत मिळत नाही.

सुरुवात आपल्याच वर्गात

शेवटी आपल्या प्राथमिक शिक्षकांबद्दल. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये 'प्रकल्प' हे एक साधन आहे. त्याचं आपल्याकडे काय झालं आहे ते आपण जाणतो. लेकरू घरी सांगतं, 'बाईंनी प्रकल्प सांगितलाय.' बाप झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथे 'पाण्याचे प्रदूषण' किंवा 'भारतातील पक्षी' असे छापील तक्ते मिळतात. आई रात्री ते चिकटवते. सकाळी आपण 'छान' असा शेरा देतो. तिसरीतल्या त्या लेकराने जो धडा घेतला, तोच ते एमएस्सीला गिरवतं. फरक फक्त किमतीचा.

त्याऐवजी 'आपल्या घरी दिवसात पाण्याच्या किती घागरी लागतात, सात दिवस मोजून लिही' एवढा प्रकल्प दिला तर? चित्र नाही, चमकी नाही, एक वहीचं पान आणि सात आकडे. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर तिथे 'राहिलं' असं लिहायचं. तेवढं प्रामाणिक लिहिणारं लेकरू उद्या आपल्या प्रबंधात 'इथे मॉडेल चुकलं' असं लिहायला घाबरणार नाही.

ती मुलगी सध्या ळ च्या मागे लागली आहे. वेळेत पूर्ण होईल का, हे आज मी सांगू शकत नाही. तिला लेकरांची हस्ताक्षरं हवी आहेत. माझ्या वर्गातली पालकांची संमतिपत्रं जमा झाली आहेत, पण एका वर्गाने भागणार नाही. अर्धापूर तालुक्यातल्या ज्या शिक्षकांना शक्य आहे, त्यांनी आपल्या मुख्याध्यापकांशी बोलून, पालकांना विचारून शुद्धलेखनाच्या तासाला एक पान ळ चं लिहून घ्यावं. आणि तुमच्या गावातलं कोणी एमएस्सी करत असेल, तर त्याला 'प्रोजेक्ट झाला का' असं न विचारता 'तुझा प्रश्न काय आहे' असं विचारा.